दार कुणी उघडलं?

वाचकांची पत्रं आणि उत्तरं. हे सदर लिहिणारे कोल्हापुरात ३४ वर्षं वृत्तछायाचित्रकार होते.

प्रश्न : नमस्कार. मी राजारामपुरीत राहते. शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. २०२५च्या नोव्हेंबरात धर्मेंद्र गेल्याची बातमी आमच्या भिशीच्या ग्रुपवर सगळ्यांत आधी मीच टाकली. सोबत फूल, जोडलेले हात आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. थोड्याच वेळात त्यांची मुलगी ईशा देओल हिनं लिहिलं, की बाबांची तब्येत स्थिर आहे. मी घाईघाईनं पोस्ट काढली, पण तोवर ती बायकांनी पुढं पाठवली होती. दोन दिवसांनी घराबाहेर कॅमेरे घेऊन उभ्या राहिलेल्या लोकांवर सनी देओल हात जोडत संतापले, तो व्हिडिओही मी दोनदा बघितला. पुढं त्याच महिन्याच्या २४ तारखेला धर्मेंद्र खरंच गेले, तेव्हा मला ग्रुपवर काही लिहायचं धाडस झालं नाही. आमचे मिस्टर म्हणतात, या फोटोवाल्यांवर सरसकट बंदी घाला. मी म्हणते, मग माझ्यावर कोण बंदी घालणार? असा कायदा करता येतो का? आणि केला तर त्यानं काही फरक पडतो का?

उत्तर : बाई, कायद्याचं नंतर सांगतो. आधी माझी एक गोष्ट ऐका. ती मी आजवर छापून दिलेली नाही.

१९९४ सालची दिवाळी होऊन गेली होती. पन्हाळ्यावर एका चित्रपटाचं शूटिंग चालू होतं. नायिका तापानं फणफणली आणि तिला कोल्हापुरात एका खासगी दवाखान्यात दाखल केलं. तिचं नाव लिहीत नाही, दवाखान्याचं नाही आणि फोटो छापणाऱ्याचंही नाही. पापाची तिकटीजवळ तेव्हा माझा छोटा स्टुडिओ होता. ओळखपत्राचे फोटो, लग्नं, मुंजी, आणि जोडीला वर्तमानपत्रांची कामं. मुंबईच्या एका साप्ताहिकाचा फोन आला : फोटो मिळाला तर बघा. दवाखान्यातल्या एका वॉर्डबॉयच्या बहिणीचं लग्न मी काढलं होतं आणि त्याच्याकडून माझे पैसे यायचे होते. दुपारी अडीच वाजता त्यानं मागच्या जिन्याचं दार उघडून दिलं.

पोरगी कॉटवर अर्धवट उठून बसली होती. डाव्या हाताला सलाईन. चार-पाच दिवस विंचरलेले नसल्यानं केसांच्या जटा झालेल्या, आणि तिची आई मागं बसून तेलाचं बोट लावून एकेक बट सोडवत होती. फ्लॅश मारला नाही. खिडकीतनं उजेड चांगला येत होता. दोन फ्रेम घेतल्या. दुसऱ्या फ्रेमच्या आवाजानं पोरीनं मान वर केली, तोवर मी जिन्यात होतो. रात्री रोल धुतला, प्रिंट पंख्याखाली वाळवली आणि दुसऱ्या दिवशी प्रिंट व निगेटिव्ह एका पाकिटात घालून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघालेल्या ओळखीच्या माणसाकडं दिली. आठवड्याभरात अंक आला. ‘गुपचूप दाखल! कारण काय?’ असा मथळा होता, आणि खाली न लग्न झालेल्या मुलीबद्दल जे जे सुचवता येईल ते सगळं सुचवलं होतं. तिला टायफॉइड झाला होता. मला ४०० रुपयांची मनीऑर्डर आली.

मग एक दिवस तिची आई स्टुडिओत आली. पासपोर्टच्या फोटोसाठी थांबलेली गिऱ्हाइकं बसतात त्या बाकावर बसली. आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाली, “भांडायला आले नाही. एवढंच सांगा, दार कुणी उघडलं?” अंक आला तेव्हा त्या दोघी दवाखान्यातच होत्या. त्यानंतरचे दिवस त्या माउलीनं प्रत्येकावर संशय घेत काढले होते. नर्सवर, चहावाल्या पोरावर, झाडणाऱ्या मावशींवर. “त्या मावशी माझ्या लेकीसाठी घरातनं मऊ भात करून आणत होत्या हो. मी तो भात परत पाठवला.” मी नाव सांगितलं नाही. तिनं निगेटिव्ह मागितली. ती माझ्याकडं नव्हती. ती उठून गेली. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं, हे ती गेल्यावर लक्षात आलं.

तेव्हापासून कुठल्याही नटनटीचा फोटो समोर आला की माझ्या मनात पहिला प्रश्न तोच येतो : दार कुणी उघडलं? तुम्ही विचारलेल्या कायद्याचा गाभाही मला त्याच प्रश्नात दिसतो.

विमानतळावरचे फोटो घ्या. काळा चष्मा, पांढरा शर्ट, बॅग अशी धरलेली की तिच्यावरचं नाव दिसावं. तिथं दार बहुतेक वेळा त्यांनीच उघडलेलं असतं. प्रसिद्धी सांभाळणारी माणसं फोटोवाल्यांना वेळ कळवतात, पोरं येतात, फोटो होतात. हा दोघांच्या राजीखुशीचा धंदा आहे, त्यात सरकारनं पडायचं कारण नाही. पण २०२३च्या फेब्रुवारीत आलिया भट आपल्या घरात, दिवाणखान्यात बसली होती आणि शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून दोन माणसं तिच्यावर कॅमेरा रोखून होती. तिनं स्वतः ते जाहीर लिहिलं आणि मुंबई पोलिसांचं लक्ष वेधलं. इथं दार कुणी उघडलेलंच नव्हतं. आणि धर्मेंद्रजींच्या आजारपणात त्यांच्या खाटेभोवती रडणाऱ्या घरच्यांचा आतून काढलेला व्हिडिओ फिरला, तो तुम्हीही पाहिला असेल. तिथं दार अशा कुणीतरी उघडलं ज्याचं ते नव्हतंच. माझा १९९४चा फोटो त्याच जातीचा.

तुमच्या मिस्टरांना सांगा, नुसता कडक कायदा करून भागत नाही याचा दाखला पॅरिसमध्ये आहे. फ्रान्समध्ये १९७० सालापासून खासगी आयुष्याचा आदर हा प्रत्येकाचा हक्क म्हणून नागरी संहितेत लिहिलेला आहे. परवानगीशिवाय खासगी जागेतला फोटो काढणं हा तिथं गुन्हा आहे. तरी ३१ ऑगस्ट १९९७च्या रात्री इंग्लंडची राजवधू डायना त्याच शहरातल्या बोगद्यात गाडीच्या अपघातात सापडली आणि त्यात गेली. २००८ साली लंडनमध्ये ज्युरीनं निकाल दिला, की दारू प्यालेला तिचा चालक आणि पाठलाग करणारी वाहनं या दोघांच्याही घोर निष्काळजी चालवण्यानं हा मृत्यू झाला. तिनं पट्टाही लावलेला नव्हता. लोक डायनाचं सगळं खापर फोटोवाल्यांवर फोडतात, म्हणून हेही सांगितलं पाहिजे. पण पाठलाग का होत होता? त्याच महिन्यात तिचे बोटीवरचे फोटो इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी प्रचंड किमतीला विकत घेतले होते. कायदा फ्रान्सचा आणि गिऱ्हाईक इंग्लंडचं. आता तर मोबाईलवर गिऱ्हाईक साऱ्या जगाचं झालंय.

मला त्यातल्या त्यात कॅलिफोर्नियाची पद्धत पटते. डायनानंतर, १९९८ साली, त्यांनी पहिला कायदा केला आणि मग पुन्हापुन्हा सुधारला. तिथं प्रश्न माणूस किती प्रसिद्ध आहे हा विचारत नाहीत. फोटो काढणारा कसा वागला, हा विचारतात. हद्दीत घुसला का? लांब पल्ल्याच्या भिंगानं घरात डोकावला का? आणि १ जानेवारी २०१४पासून आणखी एक भर पडली : आई-बाप काय काम करतात म्हणून त्यांच्या मुलाला कॅमेऱ्यानं भेदरवलं, तर वर्षभरापर्यंत तुरुंग आणि १०,००० डॉलरपर्यंत दंड. हॅली बेरी आणि जेनिफर गार्नर या अभिनेत्रींनी स्वतः जाऊन त्यासाठी साक्ष दिली होती. आपली पोरं शाळेच्या फाटकातून बाहेर यायला कशी घाबरतात, हे आयाच सांगू शकतात.

युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानं २००४ साली मोनॅकोच्या राजकन्या कॅरोलिनच्या खटल्यात एक चाळणी दिली, ती माझ्या संपादकांनी मला तिशीत दिली असती तर बरं झालं असतं. घोड्यावर बसलेली, बाजारहाट करणारी, समुद्रकिनारी पाय अडखळून पडणारी बाई, असे ते फोटो होते. न्यायालय म्हणालं, लोकांच्या हिताच्या कुठल्या चर्चेत या फोटोंनी काय भर पडते? काही नाही. मग त्या बाईचा एकटं राहण्याचा हक्क वरचढ.

आपल्याकडं पापाराझींसाठी, म्हणजे नटनट्यांच्या मागं फिरणाऱ्या फोटोवाल्यांसाठी, वेगळा कायदा नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, ही मोठी गोष्ट झाली. पण तो हक्क गच्चीवरच्या कॅमेऱ्यापर्यंत कसा पोचवायचा, हे रोजच्या व्यवहारात अजून धड ठरलेलं नाही. वर्तमानपत्रांच्या वागण्यावर नजर ठेवणारं प्रेस कौन्सिल १९७८च्या कायद्यानं चालतं. ते समज देऊ शकतं, ताशेरे ओढू शकतं, दंड करू शकत नाही. आणि त्याची हद्द वर्तमानपत्रं आणि वृत्तसंस्था एवढीच. तुम्ही-आम्ही जिथं बघतो ती मोबाईलवरची पानं त्यात येतच नाहीत. २०२३च्या एप्रिलमध्ये आराध्या बच्चनच्या तब्येतीबद्दल यूट्यूबवर धादांत खोटं चालवलं होतं. अकरा वर्षांच्या पोरीसाठी दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं, तेव्हा ते व्हिडिओ काढण्याचा आदेश निघाला. ज्यांना दिल्लीत वकील उभा करणं परवडतं, त्यांचं हे झालं.

तरीही सरसकट बंदीला माझा विरोध आहे, आणि तो धंद्यातल्या माणसांची बाजू घ्यायची म्हणून नाही. उद्या असा कायदा आलाच, तर त्याचा आडोसा पहिल्यांदा घेईल तो एखादा पुढारी, ठेकेदाराच्या बंगल्यातून रात्री बाहेर पडताना ज्याचा फोटो कुणी काढला असेल. तो म्हणेल, हा माझा खासगीपणा. नटीच्या नावानं कायदा यायचा आणि बातमी मरायची. म्हणून घर, दवाखाना, शाळा, स्मशान इथं मोजून अंतर ठरवा. अठरा वर्षांखालच्या मुलाचा फोटो आई-बापाला विचारल्याशिवाय नको. गाडीनं पाठलाग नको. आणि शिक्षा मोटारसायकलवरच्या पोराला एकट्याला नको. त्याला पैसे देऊन ते फोटो चालवणाऱ्यालाही तितकीच हवी. ही पोरं उन्हातान्हात तासन्‌तास फाटकाबाहेर उभी असतात. त्यांच्या कपड्यांवरून, शिक्षणावरून बोललेलं मला सहन होत नाही. ४०० रुपयांची मनीऑर्डर घेतलेला माणूस आहे मी, त्यांच्या पोटाची भाषा मला कळते.

आता तुमचं, बाई. तुमच्यावर कुणी बंदी आणू नये. कोल्हापूरला हे कौतुक नवं नाही. १९२९ साली ‘प्रभात’ कंपनी इथं सुरू झाली. ती १९३३ साली पुण्याला गेली तरी इथले स्टुडिओ पुढं कित्येक वर्षं गजबजलेले होते. माझी आजी नळावर पाणी भरताना कुठली नटी टांग्यातून कुठल्या रंगाचं लुगडं नेसून गेली ते सांगायची, आणि बायका घागरी खाली ठेवून ऐकायच्या. त्यात मला वाईट काही दिसत नाही. पण आजीचं बोलणं गल्लीच्या तोंडाशी संपायचं, आणि ज्या बाईबद्दल ते असायचं तिच्या लेकराच्या कानावर ते कधी जायचं नाही.

एक विचारतो. तुम्ही पोस्ट काढलीत, पण ग्रुपवर लिहिलंत का, की मी दिलेली बातमी खोटी होती? पत्रावरून वाटतं, नाही लिहिलं. आज लिहा. पाच महिने झाले असोत नाहीतर वर्ष. ‘त्या दिवशी मी न तपासता पुढं पाठवलं, ते चूक होतं’ एवढंच. वर्गात फळ्यावर चुकीचं गणित लिहिलं गेलं तर तुम्ही ते नुसतं पुसून पुढं गेला नसाल. आणि तो हात जोडलेला व्हिडिओ तिसऱ्यांदा समोर आला तर वर सरकवून टाका. बघणाऱ्यांचा आकडाच त्यांचा पगार असतो.

प्रश्न : नटनट्या स्वतःच पोरांच्या बारशाचे, वाढदिवसाचे फोटो टाकतात. मग दुसऱ्यानं काढले की ओरड कशाला? हा दुटप्पीपणा नाही का? (इचलकरंजी)

उत्तर : नाही. तुम्ही वास्तुशांतीला गावाला जेवायला बोलावलंत, म्हणून दुसऱ्या दिवशी कुणी न विचारता तुमच्या माजघरात येऊन बसलं तर चालेल का? विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांनी तर लेकीचा चेहरा कुणी दाखवू नये, अशी फोटोवाल्यांना आधीच विनंती केली होती. बहुतेकांनी ती पाळलीही, हे आवर्जून सांगतो, कारण त्या पोरांचं चांगलं कुणी सांगत नाही. मग २०२२च्या जानेवारीत केपटाऊनला सामना चालू असताना प्रक्षेपणाच्या कॅमेऱ्यानंच ते बाळ जगभर दाखवलं. तो कॅमेरा रस्त्यावरच्या कुठल्या पोराचा नव्हता.

प्रश्न : काका, मी कसबा बावड्याचा, वय २२. अंबाबाईच्या दर्शनाला, पन्हाळ्याला, रंकाळ्यावर कोण कोण कलाकार येतात त्यांचे व्हिडिओ काढून माझ्या पेजवर टाकतो. दोन हॉटेलांच्या जाहिराती पण मिळाल्यात. गेल्या महिन्यात एक मालिकेतला हिरो बायको आणि लहान बाळाला घेऊन आला होता. मिसळ खाऊन ते पन्हाळ्याला निघाले, मी गाडीवरनं मागनं गेलो, एका हातात मोबाईल. वाघबिळाच्या पुढं त्यांनी गाडी थांबवून मला नको म्हणून सांगितलं. मी तोही व्हिडिओ टाकला, तो लई चालला. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी गुन्हा केलाय का?

उत्तर : बाळा, माझी सून वकील आहे, तिच्याकडून तपासून घेऊन सांगतो. रंकाळ्यावर फिरणाऱ्या माणसाचा लांबून फोटो काढणं हा गुन्हा नाही. मंदिरात देवस्थानचे नियम असतात, ते पाळायचे. बाई कपडे बदलतेय, अंघोळ करतेय, असं काही चोरून टिपलंस तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं. ते तू केलेलं नाहीस आणि करणार नाहीस, हे तुझ्या पत्रावरनंच कळतं. पण एका हातात मोबाईल धरून घाटात गाडी चालवणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ प्रमाणं धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. म्हणजे त्या दिवशी तू गुन्हा केलास, आणि त्याचा पुरावा स्वतःच्याच पेजवर लावलास.

मला त्याहून जास्त काळजी वाघबिळाच्या वळणाची वाटते. त्या रस्त्यावर मी ३४ वर्षांत किती अपघात टिपलेत ते सांगत बसत नाही. पुढच्या गाडीत बाळ. बाप आरशात तुला बघतोय, आणि त्याची नजर वळणावर नाही. डायनाच्या गाडीचं मी वर लिहिलंय ते पुन्हा वाच.

माणूस गाडी थांबवून नको म्हणाला, तिथंच तुझं काम संपलं होतं. २०१९च्या महापुरात, नोकरीतलं माझं शेवटचं वर्ष होतं ते, शिरोळ तालुक्यात एका घराच्या माडीवर म्हातारी बसली होती. खाली पाणी, मांडीवर शेळीचं करडू. बोटीतनं मी कॅमेरा दाखवून नुसती मान हलवून विचारलं. तिनं हातानं नको म्हटलं. तसा फोटो मला पुन्हा मिळाला नसता. मी कॅमेरा खाली घेतला आणि बोटीवाल्या पोरांनी तिला हात दिला. तो न काढलेला फोटो मला काढलेल्या फोटोंपेक्षा स्पष्ट आठवतो.

तो व्हिडिओ आज काढून टाक. त्या कलाकाराला पेजवरनं निरोप पाठव, की काढला आहे आणि चूक झाली. उत्तर नाही आलं तरी चालेल. आईला आधी सांग, मग पाठव.

आणि तुझी नजर चांगली असणार. दोन हॉटेलवाले कुणालाही उगाच पैसे देत नाहीत. रविवारी सकाळी साडेपाचला गंगावेश तालमीपाशी ये. पोरं हौदातली माती उकरत असतात तेव्हा वरच्या झरोक्यातनं जो उजेड येतो, तो बघण्यासारखा असतो. कॅमेरा मी देईन. पहिला अर्धा तास तो पिशवीतच ठेवायचा, बसायचं, पैलवानांशी बोलायचं, नावं विचारायची. वस्तादांना मी सांगून ठेवतो.